त्सीनोवेत्समध्ये काही नाही

फेब्रुवारीतली गोष्ट. जर्मनीची हद्द संपून त्सीनोवेत्स या चेक गावाची हद्द सुरू झाली आणि पाचेक मिनिटांत माझा फोन बंद पडला. ड्रेस्डेनहून निघताना चांगला पूर्ण चार्ज केलेला. अलीकडच्या बाजूला एका कुंपणावर लिथियमच्या खाणीला विरोध करणारी पाटी पाहिली होती, तशी इकडेही दिसते का म्हणून खिशातून काढला तेव्हा निम्मा चार्ज होता, हातमोजा काढून कॅमेरा उघडेपर्यंत दहा टक्के, आणि मग ढिम्म काळा पडदा. कडाक्याच्या थंडीत लिथियमच्या बॅटऱ्या अशी मान टाकतात हे ऐकून माहीत होतं. तरी तिथल्या तिथे हसू आलं, कारण मी ज्या बर्फावर उभी होते त्याच्या खालच्या दगडात युरोपातल्या सगळ्यात मोठ्या लिथियमसाठ्यांपैकी एक पडून आहे. जगात फोन मरायला याहून योग्य जागा सापडली नसती.

रस्त्यालगत एक दुकान उघडं होतं. सरहद्दीवर असतात तसलं : सिगारेटची खोकी, दारू, चॉकलेटचे मोठे डबे, आणि दाराबाहेर बर्फात कमरेपर्यंत रुतलेले प्लॅस्टरचे रंगीत बुटके, जे जर्मन लोक हौसेने बागेत मांडतात. दुकानदारीण व्हिएतनामी, पन्नाशीची. तिने काही न विचारता काउंटरमागे चार्जर लावून दिला आणि थर्मासमधला चहाही दिला. आमचं दोघींचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळे बोलणं सोपं झालं. "सिगारेट हव्यात?" "नाही." "मग इथे कशाला आलात?" गाव बघायला आले, म्हटलं. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कीव आल्यासारख्या आवाजात म्हणाली, "इथे काही नाही."

तिचं खोटं नव्हतं. खिडकीतून दिसत होता एक मोठा रस्ता, एक रिकामी वाहनतळाची जागा, धुकं, आणि धुक्यात विरत गेलेला एक चर्चचा मनोरा. दोन घरांच्या मध्ये एवढं अंतर, की एकाला दुसऱ्याचा शेजार म्हणावं की नाही असा प्रश्न पडावा. पण ते वाक्य मला चिकटलं. परतीच्या गाडीत, मग घरी भांडी घासताना, ऑफिसात. जिथे पाच-सहाशे वर्षं माणसांनी दगड फोडला, जिच्या मालकीसाठी राजे-सरदार भांडले, जिच्यावरून चेक निवडणुकीत रणं माजली, त्या जागी उभं राहून एक शहाणीसुरती बाई म्हणते इथे काही नाही, आणि तिचं बरोबरही असतं. हे कसं काय?

चेक देशातल्या खाणींचं नाव काढलं की लोक याखिमोव्हला जातात. तिथे चांदी, तिथे डॉलरचा पणजोबा असलेलं नाणं, तिथलं युरेनियम, मेरी क्यूरी, पुढे राजबंद्यांच्या छावण्या. म्हणजे सांगण्यासारखं सगळं एका जागी आयतं मिळतं. त्सीनोवेत्सकडे असलं काही नाही. कागदोपत्री ते स्वतंत्र गावसुद्धा नाही, खालच्या दुबी नावाच्या गावाचा एक भाग आहे. जर्मन लोक त्याला त्सिनवाल्ड म्हणतात आणि सीमेच्या त्यांच्या बाजूलाही त्सिनवाल्डच आहे. एकाच गावाचे दोन तुकडे. ही सीमा मात्र साधीसुधी नाही. १४५९ साली एगरच्या तहात बोहेमिया (आजच्या चेक देशाचा पश्चिम भाग) आणि सॅक्सनी (ड्रेस्डेनभोवतीचं जर्मन राज्य) यांनी ती डोंगरमाथ्यावरून आखली, आणि थोडेफार फेरफार सोडले तर ती आजही तिथेच आहे. युरोपच्या नकाशात एवढं टिकलेलं फार थोडं सापडेल. जमिनीखालच्या कथलाच्या शिरांना अर्थातच तहाची कल्पना नव्हती. त्या इकडून तिकडे आरपार गेल्या आहेत, आणि त्यांच्या मागोमाग बोगदेही.

डोंगराचं नाव क्रुश्ने होरी, जर्मनमध्ये एर्त्सगेबिर्गं. आमच्या बाजूने, म्हणजे ड्रेस्डेनकडून जाताना तो डोंगर आहे हे कळतच नाही. हाइडेनाऊला गाडी बदलायची, म्यूग्लिट्स नदीच्या काठाकाठाने छोटी रेल्वे वळणं घेत आल्टेनबर्गला पोचवते, पुढे बस. चढ आहे पण इतका सावकाश, की कानात दडे बसले तरच उंची जाणवते. माथ्यावर पोचावं तर समोर शिखर वगैरे काही नाही, नुसतं माळरान, पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची पाणथळ जमीन, खुरटी झाडं आणि वारा. मग पलीकडे एकदम घाट लागतो. जमीन तुटल्यासारखी खाली जाते. गाव साडेआठशे मीटरच्या आसपास आणि खालचं तेप्लित्से सव्वादोनशेच्या आसपास, मधलं अंतर कावळ्याने उडायचं म्हटलं तर दहा-बारा किलोमीटर. हिवाळ्यात खालच्या खोऱ्यात थंड हवा साचून राहते आणि तिच्यावर गरम हवेचं झाकण बसतं. मग खाली आठवडाभर करडा अंधार, आणि वर कधीकधी लख्ख ऊन. बहुतेक वेळा मात्र वर धुकंच. इथल्या धुक्याला चव आहे. ओल्या पत्र्याची, आणि आता तपकिरी कोळशाचा धूर कमी झाला असला तरी जुन्या चुलींतून येणारा थोडासा तोच वास.

या माळाखाली जे आहे ते समजून घ्यायला मी जर्मन बाजूच्या बोगद्यात गेले. तिथे पर्यटकांसाठी जुनी खाण खुली ठेवली आहे. अंगावर रेनकोटासारखा झगा, डोक्यावर हेल्मेट, आणि आत शिरताना वाटाड्याने म्हटलेलं "ग्ल्युक आउफ", खाणकऱ्यांचा रामराम. चेक खाणकरी त्याऐवजी "झ्दार्झ बूह" म्हणतात. दोन्हीत मिळून एकच प्रार्थना, की बाबा, धडपणी वर ये. आत बारमाही एकच गारवा, पायाखाली पाण्याचा खळखळाट, आणि छतावरून मानेत नेमका थेंब. वाटाड्या साठीपुढचा, पूर्वी आल्टेनबर्गच्या कथील खाणीत होता, ती १९९१ साली बंद झाली. त्याने समजावलं ते असं : तीस कोटी वर्षांपूर्वी खालून वर आलेला ग्रॅनाइट पुरीसारखा फुगला आणि तसाच थिजला. त्याच्या फुगवट्याला समांतर, एकाखाली एक, गारगोटीचे जवळजवळ आडवे थर बसले. त्या थरांत कथलाचा काळा खनिज, टंगस्टनचा काळा खनिज, आणि या दोघांना मांडीवर घेऊन बसलेलं अभ्रक. त्याने टॉर्च तिरका धरला आणि भिंत चमकली. करड्या-तपकिरी रंगाची अभ्रकाची पानं, काही नखाएवढी, काही तळहाताएवढी, ओळीने उभी, जुन्या पोथीची पानं दमट हवेत सुटावीत तशी सुटलेली. बोट लावलं तर कडा मऊ, आणि बोटावर चंदेरी भुकटी. "आजोबा हे पायाखाली घालायचे," तो म्हणाला. "कथील काढायचं, बाकी सगळं बाहेर ओतायचं."

ते अभ्रक म्हणजे त्सिनवाल्डाइट. १८४५ साली विल्हेल्म हाइडिंगर या ऑस्ट्रियन खनिजतज्ज्ञाने गावावरूनच त्याचं नाव ठेवलं. पुढे खनिजशास्त्रवाल्यांनी ठरवलं की ही स्वतंत्र जात नव्हे, दोन खनिजांमधली मधली अवस्था आहे, आणि गावाच्या नावाला अधिकृत यादीतून खाली उतरवलं. बिचाऱ्याचा तेवढा मानही गेला. पण लिथियम त्यातच आहे.

सुरुवातीला हवं होतं कथील. चौदाव्या-पंधराव्या शतकात खालच्या क्रुप्का गावाचे खाणकरी शिरा शोधत वर आले आणि जंगलात वस्ती झाली. दगड इतका कठीण की छिन्नीला दाद देईना, म्हणून खडकाला लाकडं रचून आग लावायची, रात्रभर तापू द्यायचा, तडे गेले की फोडायचा. त्या आगीने धूर किती, लाकूड किती! आत जी प्रचंड मोठी दालनं दिसतात त्यातली कित्येक अशी भाजून भाजून पोकळ केलेली आहेत. एका दालनात आता गाण्याच्या मैफली होतात, आवाज छान घुमतो म्हणे. वरचं मूळ जंगल असं खाली जळून गेलं. सरदार घराण्यांच्या वाटण्या होत्या : बोहेमियाच्या बाजूला लोबकोविट्स आणि क्लारी, सॅक्सनीच्या बाजूला ब्युनाऊ. खाणकरी कोणाचाही असो, हिवाळ्यात तो अंधारात खाली जायचा आणि अंधारात वर यायचा. नाताळच्या सुमाराला इथल्या प्रत्येक खिडकीत मेणबत्त्यांची कमान लावतात, आणि ओळीने लाकडी खाणकरी व देवदूत मांडतात; घरात मुलगे तेवढे खाणकरी, मुली तेवढे देवदूत. ड्रेस्डेनच्या बाजारात हेच आता पर्यटकांना विकतात, माझ्याही खिडकीत आहे एक, चिनी बनावटीचा असावा असा संशय आहे.

कथील म्हटलं की मला मात्र सांगलीचं आजीचं अंगण आठवतं. वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा. मातीत खड्डा करून कोळसे, त्याला चामड्याचा भाता जोडलेला, आणि पितळेची पातेली तापून लालसर झाली की तो चिमूटभर नवसागर टाकायचा. भसकन पांढरा धूर, नाकात झोंबणारा. मग कथलाची कांडी पातेल्याच्या बुडाला नुसती टेकवायची, ती लोण्यासारखी विरघळायची आणि कापसाच्या बोळ्याने तो ती सरसर फिरवायचा. हिरवट काळं पातेलं पापणी लवायच्या आत चांदीचं. पाण्यात बुडवलं की चर्रर्र. आम्ही पोरं तो चर्र ऐकायला उन्हात तासभर बसायचो. ते कथील कुठून येतं हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. बहुधा मलायाकडचं असावं. एकोणिसाव्या शतकात मलायातून स्वस्त कथील जगभर जायला लागलं, हिंदुस्थानातही आलं, आणि त्याच स्वस्त कथलाने कॉर्नवॉलपासून या डोंगरापर्यंतच्या युरोपातल्या जुन्या खाणी मोडून काढल्या. म्हणजे आमच्या आमटीची पातेली चमकत होती त्या व्यापारातच त्सिनवाल्डच्या पोरांची भाकरी जात होती. सांगलीत बसून हे कळायचं कारण नव्हतं, आणि कळून काही फरकही पडला नसता.

कथील पडलं तेव्हा गावाला वाचवलं ते कचऱ्याने. टंगस्टनचा खनिज जुन्या खाणकऱ्यांच्या दृष्टीने नुसती ब्याद होती. कथील वितळवताना तो मध्ये आला की धातू वाया जायचा, म्हणून वेचून वेचून बाहेर फेकलेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादात टंगस्टन घातलं की ते तापूनही कठीण राहतं हे कारखानदारांना उमगलं, आणि मग इथली माणसं पणजोबांनी ओतलेले ढिगारे उकरायला लागली. थोडंफार अभ्रकही लिथियमसाठी विकलं गेलं. दोन्ही महायुद्धांत तर टंगस्टनसाठी दिवसरात्र खणलं. तोफगोळ्यांना आणि ते कातणाऱ्या हत्यारांना ते हवंच होतं. मग पुन्हा कथील आणि टंगस्टन, सरकारी खाण म्हणून, १९९० पर्यंत. तोपर्यंत अभ्रक पुन्हा टाकाऊ.

दगडाचं असं असतं. टाकला तरी ढिगाऱ्यात वाट बघत पडून राहतो, आणि दिवस फिरले की कुणीतरी उचलायला येतो.

माणसांचं इथे तसं झालं नाही. १६२० हे साल या डोंगराने दोनदा सोसलं. जानेवारीत आल्टेनबर्गची पोकळ झालेली खाण कोसळली आणि जमिनीत भलामोठा खड्डा पडला, जो पुढे वाढत वाढत आज बारा हेक्टरांचा झालाय. कठड्यावरून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. नोव्हेंबरात प्रागजवळ पांढऱ्या टेकडीच्या लढाईत बोहेमियाचे प्रोटेस्टंट हरले. त्यानंतर बोहेमियावर राज्य करणाऱ्या कॅथलिक हॅब्सबर्ग घराण्याने हळूहळू सगळ्यांना कॅथलिक करायला घेतलं, आणि ज्यांना ते मान्य नव्हतं त्यांना उठावं लागलं. या गावातले प्रोटेस्टंट किती लांब गेले? सीमेपलीकडे, हाकेच्या अंतरावर. १६७१ मध्ये सॅक्सनीच्या इलेक्टरच्या, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याच्या नावाने त्यांनी गेओर्गेनफेल्ड वसवलं. सकाळी दार उघडलं की सोडून आलेल्या घराचं छप्पर दिसेल अशा ठिकाणी. आता त्या वस्तीत पर्यटकांसाठी खोल्या मिळतात, बाजूला पीटच्या दलदलीवर लाकडी फळ्यांची वाट आहे, आणि मी तिथल्या एका बाकावर बसून डब्यातली पोळीभाजी खाल्ली आहे. समोर खुरटे पाइन, आणि पलीकडे तोच चर्चचा मनोरा. पळून येऊन इतक्या जवळ राहण्यात सोय होती की शिक्षा, मला ठरवता आलेलं नाही.

दुसरी पाळी कॅथलिकांच्या वंशजांची. हे सगळे जर्मन बोलणारे, पण बोहेमियाचे रहिवासी. १९३८ मध्ये म्युनिकच्या कराराने हा पट्टा हिटलरला देऊन टाकला, आणि इथल्या बहुसंख्यांनी तेव्हा आनंदाने झेंडे लावले हेही खरं. ते लपवून ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. युद्ध संपलं आणि हिशेब झाला. १९४५-४६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातून तीसेक लाख जर्मनांना हाकलण्यात आलं. दंडावर पांढरी फीत, माणशी पन्नासेक किलोपर्यंत सामान, घराची किल्ली कुलपातच ठेवून जायचं. खाली खोऱ्यांत त्यांच्या घरांत नवे लोक आले. इतक्या वर, धुक्यात, यायला फारसं कुणी तयार नव्हतं. घरं पडत गेली, काही पाडली. म्हणून आज त्सीनोवेत्समध्ये दोन घरांत एवढं अंतर आहे. मध्ये गवतात जोत्याचे दगड असतात, आणि कुठे कुठे ओसाड माळावर एखादंच सफरचंदाचं झाड उभं असतं. रानात आपोआप सफरचंद येत नाही. कुणाच्या तरी परसदारात ते लावलेलं होतं. आमच्याकडे धरणात गेलेल्या गावांची माणसं उन्हाळ्यात पाणी ओसरलं की देवळाचा कळस बघायला जातात असं लहानपणापासून ऐकलंय. इथे पाणीही नाही, सगळं डोळ्यांदेखत उघडं आहे, फक्त बघायला येणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत पोचलीत.

मग जंगलाची पाळी आली. खालच्या खोऱ्यात तपकिरी कोळसा. त्याची कथा वेगळी सांगावी इतकी मोठी आहे; त्या कोळशासाठी मोस्त नावाचं अख्खं जुनं शहर पाडलं आणि तिथलं गॉथिक चर्च तेवढं रुळांवर बसवून १९७५ मध्ये ८४१ मीटर सरकवलं, माणसांपेक्षा चर्चचं नशीब बरं. त्या कोळशावरच्या वीजकेंद्रांतून निघालेलं गंधक पावसात मिसळून वर यायचं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत या माथ्यावरचे स्प्रूस, म्हणजे सुईसारख्या पानांचे उंच वृक्ष, हेक्टरच्या हेक्टर वाळून गेले. त्या वेळचे फोटो पाहिलेत मी, करड्या खुंटांचं रान. मग धूर सोसणारी परदेशी निळी स्प्रूस लावली, ती आज निळसर, थोडी परकी, अजून उभी आहेत. रस्त्याकडेला रोवनची झाडं, शरदात लालभडक फळांची. नव्वदीत वीजकेंद्रांना गंधक गाळायची यंत्रं बसली आणि रान हळूहळू सावरलं. मधल्या काळात मोकळ्या झालेल्या माळावर मात्र काळी रानकोंबडी रमली. मध्य युरोपात तिची संख्या सगळीकडे घटत असताना इथे ती अजून बऱ्यापैकी आहे. मेलेल्या जंगलाने जिला आसरा दिला तिला आता जिवंत जंगलापासून जपावं लागतं, म्हणजे काही ठिकाणी झाडं वाढूच द्यायची नाहीत. निसर्गरक्षणाचे हिशेबही सरळ नसतात.

आणि रस्ता. लोखंडी पडदा उठल्यावर बर्लिन-प्रागची बरीचशी वाहतूक या गावातून जायला लागली. दिवसरात्र ट्रकांची रांग, दुबीपर्यंतच्या वळणांवर कडेला उभ्या मुली, जर्मन गिऱ्हाइकं, आणि त्यांना लागणाऱ्या सगळ्या मालाची दुकानं. ड्रेस्डेनमध्ये एका वयाच्या पुरुषांसमोर या रस्त्याचं नाव काढलं की ते अजूनही उगाच घसा खाकरतात. २००६ च्या डिसेंबरात नवा महामार्ग सीमेपार गेला, पुढच्या डिसेंबरात चेक लोक शेंगेन या युरोपच्या सीमामुक्त क्षेत्रात आले, तपासणी संपली, आणि गाव पुन्हा गप्प. व्हिएतनामी दुकानदार तेवढे मागे राहिले. समाजवादी काळात कामगार म्हणून आणलेल्या आणि कारखाने बंद पडल्यावर वाऱ्यावर सोडलेल्या माणसांनी या देशात किरकोळ दुकानदारी उभी केली, हिवाळ्यात उघडी ठेवली. माझा फोन चार्ज झाला तो त्यांच्यामुळे.

२०१९ साली युनेस्कोने या खाणप्रदेशाला जागतिक वारसा ठरवलं. बावीस जागा : सतरा जर्मनीत, पाच चेकमध्ये. आल्टेनबर्गसोबत जर्मन त्सिनवाल्ड त्या यादीत आहे. खालचं क्रुप्का आहे. त्सीनोवेत्स नाही. एकच गाव, तेच थर, तीच माणसं. तहाच्या रेषेच्या एका बाजूला वारसा आणि दुसऱ्या बाजूला वाहनतळ. वारसा ठरायला काहीतरी उभं राहिलेलं लागतं, आणि इथे जे होतं ते उभं राहू दिलं नाही.

आता लिथियम. २०१७ च्या ऑक्टोबरात चेक निवडणुकीच्या ऐन तोंडावर सरकारने एका ऑस्ट्रेलियन कंपनीबरोबर सामंजस्य करार केला आणि एकच गदारोळ उठला : आमचं लिथियम परक्यांना विकलं! ज्यांनी आयुष्यात कधी त्सीनोवेत्सचं नाव ऐकलं नव्हतं ते "आमचं" म्हणायला लागले. २०२० मध्ये चेकची मोठी वीज कंपनी चेझ हिने प्रकल्पातला ५१ टक्के हिस्सा घेतला, आणि २०२५ मध्ये युरोपीय संघाने आपल्या मोक्याच्या खनिज प्रकल्पांच्या यादीत त्याचा समावेश केला. साठा सत्तर कोटी टनांचा सांगतात, पण लिथियम त्यात जेमतेम ०.२ टक्के. मी कागदावर मांडून पाहिलं : टनाला दोन किलो. विजेच्या मोटारीच्या बॅटरीत साधारण आठ किलो लिथियम असतं. म्हणजे काहीही वाया जात नाही असं धरलं तरी मोटारीमागे चार टन दगड, आणि वाया तर जाणारच. दगड डोंगरावरून खाली उतरवायचा आणि प्रुनेर्झोव्हला नेऊन त्यावर प्रक्रिया करायची असा बेत आहे. प्रुनेर्झोव्ह म्हणजे जिथली धुराडी एकेकाळी या रानाच्या मुळावर उठली होती त्यांतलंच एक कोळशाचं वीजकेंद्र. जुनी जागा, जुने रूळ, कामाला माणसंही तिथलीच. यात मला न्यायही दिसतो आणि चेष्टाही. जर्मन बाजूलाही वेगळी कंपनी वेगळी खाण काढू पाहते आहे, त्या पाट्या तिच्याविरुद्ध.

घरी यावर जोरात चर्चा झाली. जेवायला आलेला एक मित्र म्हणाला, ह्या लोकांना आपल्या डोंगरात खाण नको आणि दारात विजेची गाडी हवी. मग लिथियमसाठी चिलीच्या वाळवंटातलं पाणी आटलं तर चालतं का? त्याचं म्हणणं मला पटतं, आणि म्हणूनच मी खाणीच्या बाजूची आहे. आतापर्यंत जे लांबून आलं, मलायातून, चिलीतून, त्याची किंमत कुणी चुकवली हे आपल्याला दिसत नव्हतं. इथे ते शनिवारी ट्रेनने जाऊन बघता येईल. आईला व्हिडिओवर सांगितलं तर तिने नेमकं विचारलं, "मग तिथे पुन्हा वस्ती होईल का गं?" होणार नाही, आई. पूर्वी खणणारा वरच राहायचा, त्याचं घर, चर्च, गुत्ता सगळं शिरेच्या डोक्यावर. आताचा खाणकरी तेप्लित्सेहून गाडीने येईल, पाळी संपली की खाली जाईल. दगड जाईल प्रुनेर्झोव्हला. माथ्यावर जे राहतील त्यांच्या वाट्याला स्फोटांचे हादरे, आणि विहिरीचं पाणी खाली तर जात नाही ना ही काळजी. ती काळजी खोटी नाही. डोंगर आधीच पोखरलेला आहे, आणि इथल्या पीटच्या दलदलीचं सगळं आयुष्य पाण्याच्या पातळीवर टिकलेलं आहे.

म्हणून त्या पाट्यांखाली मी सही करणार नाही, आणि खाणीच्या बाजूने छापलेल्या चकचकीत पत्रकांतल्या हिरव्यागार कुरणांवरही माझा विश्वास बसत नाही. मला विचाराल तर खणावं, पण दलदलीच्या आणि विहिरींच्या पाण्याची पातळी दर महिन्याला मोजून, तिचे आकडे चेक आणि जर्मन दोन्ही भाषांत रस्त्यावरच्या फलकावर लावावेत, आणि महसुलातला ठरलेला वाटा प्रागला जायच्या आधी दुबीच्या नगरपालिकेत उतरावा. त्या पैशातून वर बस तरी वेळेवर सोडता येईल. शनिवारी दुपारी सीमेवर उभं राहून मी जी बस धरणार होते, ती वेळापत्रकात होती, पण आली नाही.